सेल्टिक्सने जिंकलेला संघ का मोडला? विजेतेपद, वारसा आणि हिशेब

प्रश्न असा आहे: बोस्टन सेल्टिक्सने जून 2024 मध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं आपलं 18वं विजेतेपद मिळवलं. त्यानंतर जेमतेम वर्षभरात त्या संघाच्या सहा मुख्य खेळाडूंपैकी तीन बाहेर गेले. 1956 ते 1969 या काळात बिल रसेलच्या सेल्टिक्स संघाने 13 मोसमांत 11 विजेतेपदं घेतली होती. मग आजच्या व्यवस्थापकांना जिंकणारा संघ टिकवता का येत नाही, आणि मुळात असा संघ बांधतात कसा?

मी पुण्यात शाळा-क्लबच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. एनबीएच्या कचेरीत काही बसलेलो नाही. पण संघनिवडीत डोकं घालून बरीच वर्षं झाली, आणि सेल्टिक्सचा इतिहास हा माझा जुना नाद आहे. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: संघ टिकवणं आता नियमांनीच महाग करून ठेवलंय. आणि सेल्टिक्स ज्या ज्या वेळी मोठे झाले, त्या त्या वेळी त्यांनी लोकांना सोन्यासारखी वाटणारी एखादी गोष्ट देऊन टाकली होती. जपून ठेवण्याच्या नादात मात्र त्यांनी दोन दशकं घालवली. आता सविस्तर सांगतो.

सुरुवात 1956 पासून करावी लागते. रेड आवरबॅक तेव्हा सहा वर्षं प्रशिक्षक होते. संघ भरपूर गुण करायचा, प्रेक्षक खूश असायचे, पण विजेतेपद एकही नव्हतं. बॉब कूझी, बिल शार्मन आणि एड मकॉली असे तीन तारे होते, तरी रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर परत येणारा चेंडू, घेणारा माणूस नव्हता. चेंडू हातातच येत नसेल तर जलद हल्ला करणार कशाच्या जोरावर? आवरबॅकने मकॉली आणि क्लिफ हेगन हे दोघे सेंट लुईस हॉक्सला दिले आणि ड्राफ्टमधली, म्हणजे संघांनी दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतली, दुसऱ्या क्रमांकाची निवड घेतली. पहिली निवड रोचेस्टर रॉयल्सकडे होती. त्यांच्याकडे मॉरिस स्टोक्ससारखा जबरदस्त रिबाउंडर आधीच होता, आणि रसेलला पैसेही जास्त द्यावे लागले असते. त्यांनी सिह्यूगो ग्रीनला घेतलं. रसेल बोस्टनचा झाला. त्याच ड्राफ्टमधून टॉम हाइनसन आणि के. सी. जोन्स हेही मिळाले.

इथे एक विषयांतर करतोच. तोच रोचेस्टर रॉयल्स संघ गावं बदलत बदलत आज सॅक्रामेंटो किंग्ज झालाय, आणि 2013 पासून त्याची मालकी मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाकडे आहे. या संघाचं एकमेव विजेतेपद 1951 सालचं. एका ड्राफ्टमुळे सगळं बिघडलं असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण रसेल तिकडे गेला असता तर काय झालं असतं, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

हॉक्सचं या सौद्यात नुकसान झालं का? मुळीच नाही. 1957 च्या अंतिम फेरीत हेच दोन संघ भिडले. सातवा सामना दोन जादा डावांपर्यंत गेला आणि सेल्टिक्सने तो 125-123 असा जिंकला. त्या दिवशी कूझी आणि शार्मन या दोन ताऱ्यांनी मिळून 40 पैकी फक्त 5 फटके बास्केटमध्ये घातले. सामना वाचवला तो पहिल्याच मोसमात खेळणाऱ्या दोघांनी: हाइनसनचे 37 गुण, रसेलचे 32 रिबाउंड. पुढच्या वर्षी रसेलचा घोटा दुखावला आणि हॉक्स जिंकले. म्हणजे त्या सौद्यातून हॉक्सला एक विजेतेपद मिळालं आणि सेल्टिक्सला अकरा.

रसेल नक्की काय करायचा, हे प्रशिक्षक म्हणून सांगायला मला आवडतं. आमच्याकडची उंच मुलं ब्लॉक करताना, म्हणजे समोरच्याचा फटका हवेतच अडवताना, चेंडू अशी फटकावतात की तो थेट प्रेक्षकांत जातो. टाळ्या मिळतात, पण चेंडू पुन्हा समोरच्यांनाच मिळतो. रसेल ब्लॉक करताना चेंडू मैदानातच ठेवायचा, शक्यतो आपल्या माणसाच्या दिशेने. तिथून कूझीचा जलद हल्ला सुरू. त्याचा बचाव म्हणजे हल्ल्याचाच पहिला पास होता. संघाचे मूळ डाव मोजून सात होते, प्रत्येकाला पोटपर्याय. विरोधी संघांना ते पाठ असायचे, तरी थांबवता यायचे नाहीत. शिवाय सहाव्या खेळाडूला मान देण्याची पद्धतही इथलीच. फ्रँक रॅमसी आणि नंतर जॉन हॅवलिचेक हे पहिल्या पाचांत सहज बसले असते, पण आवरबॅक त्यांना मुद्दाम बाकावर ठेवायचे, म्हणजे समोरचे दमायला लागले की हे ताजेतवाने उतरणार.

1959 ते 1966 अशी सलग आठ. 1966 मध्ये आवरबॅक बाकावरून उठले आणि रसेलच खेळाडू-प्रशिक्षक झाला. एनबीएचा तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. 1967 ला फिलाडेल्फियाकडून हार, मग 1968 आणि 1969 ला परत विजेतेपद. त्यातलं शेवटचं लॉस एंजेलिसमध्ये, सातव्या सामन्यात, 108-106. लेकर्सने विजयोत्सवासाठी छताला फुगे बांधून ठेवले होते.

हे सगळं थोर आहेच. पण तुमच्या प्रश्नातल्या तुलनेत एक गोष्ट राहून गेली आहे. रसेल आला तेव्हा लीगमध्ये संघ होते आठ. गटात पहिलं आलं की थेट गटाच्या अंतिम फेरीत, म्हणजे विजेतेपदासाठी दोन मालिका जिंकल्या की झालं. आज 30 संघ, चार मालिका, 16 विजय. त्याहून मोठी गोष्ट कराराची. त्या काळी करार संपला तरी खेळाडूला दुसऱ्या संघात जाण्याची मोकळीक नव्हती; मालक सोडेल तेव्हाच सुटका. 1965 मध्ये रसेलचा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेनला वर्षाला एक लाख डॉलर मिळाले, तेव्हा रसेलने एक लाख एक डॉलर मागून घेतले. हा किस्सा गमतीने सांगतात. पण मागून घेण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं, हे त्यात कोणी सांगत नाही. या बंधनाविरुद्ध ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या नावाने चाललेला खटला 1976 मध्ये मिटला आणि दार किलकिलं झालं; खरी मुक्त बाजारपेठ 1988 पासून. त्यामुळे रसेलच्या संघाचं टिकून राहणं हे आवरबॅकच्या बुद्धीचं फळ होतं तसंच त्या नियमांचंही होतं. खेळाडूंच्या हक्कांच्या बाजूने बोलायचं तर ते दिवस परत येऊ नयेत.

दुसरा मोठा संघ लॅरी बर्डचा. 1978 च्या ड्राफ्टमध्ये बर्डचं कॉलेजचं एक वर्ष शिल्लक होतं. तेव्हाच्या नियमाने त्याला निवडता येत होतं, पण वर्षभर वाट बघावी लागणार होती. पाच संघांनी ती बघितली नाही. आवरबॅकने, जे आता व्यवस्थापक होते, सहाव्या क्रमांकावर त्याला घेतलं आणि थांबले. 1978-79 मध्ये 29 विजय. बर्ड आल्यावर 1979-80 मध्ये 61. पुढच्याच वर्षीचा सौदा मला 1956 इतकाच आवडतो. डेट्रॉइटकडून मिळालेली पहिल्या क्रमांकाची निवड हातात होती. ती आणि तेरावी निवड गोल्डन स्टेटला देऊन आवरबॅकने सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) रॉबर्ट पॅरिश आणि तिसरी निवड घेतली. गोल्डन स्टेटने पहिल्या क्रमांकावर जो बॅरी कॅरल घेतला. तिसऱ्यावर बोस्टनने केव्हिन मॅकहेल घेतला. बर्ड-मॅकहेल-पॅरिश ही पुढची फळी अशी तयार झाली, आणि 1981, 1984, 1986 अशी तीन विजेतेपदं आली.

मग घसरण. 1986 मध्ये ड्राफ्टमधल्या दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला लेन बायस दोनच दिवसांत मरण पावला, आणि 1993 मध्ये संघाचा कर्णधार रेजी लुइस गेला. यावर कोणाचाच इलाज नव्हता. पण तिसरं कारण हातातलं होतं. मॅकहेल 1987 ची प्लेऑफ (मोसमानंतरच्या बाद मालिका) मोडलेल्या पायाने खेळला. 1988-89 मध्ये टाचांच्या शस्त्रक्रियेमुळे बर्ड सहाच सामने खेळू शकला. त्या संघात खेळणाऱ्या डॅनी एंजने नंतर सांगितलंय की, या दोघांना बाजारात किंमत आहे तोवर विका, असं त्याने स्वतः आवरबॅकना सुचवलं होतं. आवरबॅकनी ऐकलं नाही. बर्ड 1992 ला आणि मॅकहेल 1993 ला निवृत्त झाले, बदल्यात संघाला काहीही न मिळता. (विकला गेला तो एंज. 1989 मध्ये. सॅक्रामेंटोला!) माणूस म्हणून आवरबॅकचा निर्णय मला पटतो, बोस्टनने बर्डला विकलं असतं तर शहर पेटलं असतं. पण त्याची किंमत 22 वर्षांचा दुष्काळ होती, आणि ती त्याच संघाच्या चाहत्यांनी मोजली.

लॉटरीत खालच्या संघांना वरची निवड मिळण्याची शक्यता जास्त असते; म्हणून मुद्दाम हरून ती मिळवायची, हा मार्गही त्यांनी करून बघितला. 1996-97 मध्ये 15 विजय, 67 पराभव. टिम डंकन मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता बोस्टनची होती. चिठ्ठी निघाली सॅन अँटोनिओची. डंकनने तिथे पाच विजेतेपदं मिळवली. बोस्टनला तिसरी आणि सहावी निवड मिळाली. तिसरीवर चॉन्सी बिलप्स घेतला, आणि पहिला मोसम संपायच्या आत त्याला देऊनही टाकलं. 2004 मध्ये हाच बिलप्स डेट्रॉइटकडून अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून जेव्हा कोणी सांगतं की ‘खाली जा, निवडी जमवा, आपोआप संघ होतो’, तेव्हा मी हसतो. निवड म्हणजे फक्त संधी. ती कोणाला, कधी, कशाच्या बदल्यात द्यायची किंवा वापरायची, ही कला वेगळी.

2003 पासून एंज बोस्टनच्या बास्केटबॉल विभागाचा प्रमुख होता. 2006-07 मध्ये 24 विजय, पुन्हा लॉटरीत दगा, पाचवी निवड. त्याने ती ड्राफ्टच्या रात्री सिएटलला देऊन रे ॲलन आणला. आधी बोस्टनला यायला नाखूश असलेला केव्हिन गार्नेट, ॲलन आल्यावर तयार झाला. त्याच्या बदल्यात पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी मिनेसोटाला गेल्या. 2008 ला विजेतेपद, लेकर्सविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात 131-92. 2010 मध्ये त्याच लेकर्सकडून सातव्या सामन्यात 83-79 अशी हार.

आणि मग 2013. आवरबॅकने 1988 मध्ये जे केलं नाही ते एंजने केलं. 2008 च्या विजेत्या संघातले पॉल पिअर्स आणि गार्नेट, दोघेही पस्तिशी ओलांडलेले, ब्रुकलिनला गेले. बदल्यात ब्रुकलिनच्या पहिल्या फेरीच्या 2014, 2016 आणि 2018 च्या निवडी, शिवाय 2017 मध्ये निवडीची अदलाबदल करण्याचा हक्क. ब्रुकलिन तेव्हा विजेतेपदाचं स्वप्न बघत होतं. पुढे ते तळाला गेलं. 2016 च्या निवडीतून तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राउन आला. 2017 ची निवड तर पहिल्याच क्रमांकाची निघाली. ती एंजने फिलाडेल्फियाला देऊन तिसरी निवड आणि वर आणखी एक भविष्यातली निवड घेतली. लोकांनी वेड्यात काढलं. फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झ घेतला. बोस्टनने जेसन टेटम, ज्याला पहिल्या क्रमांकावरही घेतलं असतं असं एंजचं म्हणणं होतं. 1980 चा डावच हा, फक्त खेळाडूंची नावं वेगळी.

पण टेटम-ब्राउन जोडीनेही लगेच काही जिंकलं नाही, आणि इथे मला सर्वांत जास्त रस आहे. 2021 मध्ये एंज गेला आणि प्रशिक्षक ब्रॅड स्टीव्हन्स त्याच्या खुर्चीत बसला. आठ वर्षं बाकावरून बघितलेलं सगळं त्याला ठाऊक होतं: दोन तारे आहेत, पण त्यांच्याभोवती चेंडू न मागता सामना फिरवणारे लोक नाहीत. त्याने आधी अल हॉर्फर्ड परत आणला. मग फेब्रुवारी 2022 मध्ये सॅन अँटोनिओकडून डेरिक व्हाइट. त्या वर्षी अंतिम फेरीत गोल्डन स्टेटकडून 4-2 ने हरले. 2023 मध्ये मायामीविरुद्ध 0-3 वरून 3-3 केलं आणि घरच्या मैदानावर सातवा सामना घालवला.

अशा वेळी मालक प्रशिक्षक हाकलतात किंवा ताऱ्यांपैकी एक विकतात. स्टीव्हन्सने पस्तिशीही न गाठलेला प्रशिक्षक जो माझुला कायम ठेवला, ब्राउनला 30.4 कोटी डॉलरपर्यंतचा करार दिला आणि लोकांचा सर्वांत लाडका मार्कस स्मार्ट देऊन क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस घेतला. सात फुटांहून उंच सेंटर तीन गुणांच्या रेषेबाहेरून नेम धरतो म्हटल्यावर समोरच्या सेंटरला बास्केटखालची जागा सोडून बाहेर यावंच लागतं, आणि टेटम-ब्राउनला आत शिरायला रस्ता मोकळा होतो. मग सप्टेंबरअखेर मिलवॉकीने डेमियन लिलार्डसाठी ज्रू हॉलिडेला पोर्टलंडला पाठवलं, आणि काही दिवसांतच स्टीव्हन्सने त्याला पोर्टलंडकडून उचललं. हॉलिडे दुसरीकडे तारा होता. इथे तो कोपऱ्यात उभा राहिला, त्या मोसमात तीन गुणांचे जवळपास 43 टक्के फटके घातले, आणि बचावात गार्डपासून सेंटरपर्यंत ज्याला सांगाल त्याला धरलं. मोसमात 64 विजय, 18 पराभव; प्लेऑफमध्ये 16-3, अंतिम फेरीत डॅलसविरुद्ध 4-1.

माझ्याकडे जिल्हा संघाच्या निवडीला बारा मुलं येतात, बाराही जणांना चेंडू हवा असतो. हॉलिडेची कोपऱ्यातली चित्रफीत मी त्यांना दाखवतो. फारसा फरक पडत नाही, पण दाखवतो.

आता मोडण्याकडे. लीग आणि खेळाडूंमधल्या 2023 च्या वेतन करारात ‘सेकंड ॲप्रन’ नावाची, संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा आली. 2025-26 साठी ती सुमारे 20.8 कोटी डॉलर. तिच्यावर गेलेल्या संघाला नुसता जबर कर पडत नाही, हातही बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, सौद्यात रोख पैसे देता येत नाहीत, सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते, म्हणजे सौद्यात देता येत नाही. श्रीमंत मालकाला कर परवडेल. सौदेच करता न येणं व्यवस्थापकाला परवडत नाही. गार्नेट, हॉलिडे, पोर्झिंगिस हे सगळे सौद्यांतूनच आलेले होते, हे लक्षात घ्या. टेटमचा 31.4 कोटींचा करार सुरू होत होता. तोच संघ 2025-26 साठी ठेवला असता तर पगार आणि कर मिळून 50 कोटी डॉलरच्या घरात खर्च गेला असता. त्याच सुमारास संघ 6.1 अब्ज डॉलरला विकला जात होता. आधीच्या मालकांनी तो 2002 मध्ये 36 कोटींना घेतला होता.

त्यात मे 2025 मध्ये न्यूयॉर्कविरुद्ध टेटमच्या पायाचा अकिलिस स्नायुबंध तुटला आणि मालिका 4-2 अशी गेली. उन्हाळ्यात हॉलिडे परत पोर्टलंडला गेला, पोर्झिंगिस अटलांटाला, हॉर्फर्ड गोल्डन स्टेटला. चाहते चिडले. मी नाही चिडलो. हॉलिडे पस्तीस वर्षांचा, हॉर्फर्ड एकोणचाळीसचा, पोर्झिंगिसची तब्येत बेभरवशाची, आणि मुख्य खेळाडू बराच काळ घरी. टेटम परतेपर्यंत त्यांना धरून बसणं म्हणजे 1988 ची पुनरावृत्ती झाली असती. टेटम, ब्राउन आणि व्हाइट ठेवले, बाकीचं सोडलं; नेमकी ओळ तिथेच ओढायला हवी होती असं माझं मत. हॉर्फर्डसाठी वाईट वाटलं, ते वेगळं.

हे फक्त बोस्टनचं दुखणं नाही. 2019 पासून 2025 पर्यंत सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले: टोरंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन, ओक्लाहोमा सिटी. त्याआधी लागोपाठ दोनदा जिंकलेला संघ म्हणजे 2017 आणि 2018 चा गोल्डन स्टेट. त्यांनाही केव्हिन ड्युरांट मिळाला तो लीगच्या एका अपवादात्मक वर्षामुळे: 2016 मध्ये नव्या टीव्ही कराराचा पैसा आला आणि पगारमर्यादा 7 कोटींवरून एकदम 9.4 कोटींवर गेली. 73 सामने जिंकलेल्या संघाकडे अचानक नव्या पगारासाठी मोकळी जागा! मर्यादा आता वर्षाला जास्तीत जास्त दहा टक्केच वाढते, त्यामुळे तसं परत घडणं अवघड.

ओक्लाहोमाचं उदाहरण मात्र अभ्यासण्यासारखं आहे, कारण तिथला व्यवस्थापक सॅम प्रेस्टी याने 2019 मध्ये केलेला सौदा एंजच्या 2013 च्या पंक्तीत बसतो. पॉल जॉर्ज ऐन भरात असताना क्लिपर्सला दिला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर आणि निवडींचा ढीग. त्यातल्याच एका निवडीतून 2022 मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स मिळाला. दोन मोसम मार खाल्ला, 22 आणि 24 विजय. 2024-25 मध्ये 68 विजय आणि विजेतेपद. त्यांची परीक्षा पुढे आहे, कारण स्वस्त करारांवरचे तरुण महाग झाले की त्यांच्यापुढेही बोस्टनचाच हिशेब येणार.

तुम्हाला हे स्वतः ताडून बघायचं असेल तर अंतिम फेरीपेक्षा त्यानंतरचे दोन आठवडे जास्त उपयोगाचे आहेत. जूनच्या शेवटी ड्राफ्ट होतो आणि 30 जूनच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे 1 जुलैच्या पहाटे साडेतीनला, करार संपलेल्या, मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो. सौद्याची बातमी आली की कोणता मोठा खेळाडू गेला यावर लगेच भांडू नका. त्याच्या कराराची किती वर्षं उरलीत, वय काय, आणि बदल्यात आलेली निवड कोणत्या वर्षीची व कोणाची आहे, एवढं आधी बघा. ब्रुकलिनच्या 2013 च्या सौद्यात बातमीचा मथळा पिअर्स-गार्नेटचा होता. टेटम आणि ब्राउन खाली, बारीक अक्षरांतल्या सालांमध्ये होते.